अनोळखी कॅमची कुंडली: व्हर्नियर, डिव्हायडिंग हेड की इंजिनवरच डिग्री व्हील?

एमएच-०९ पासिंगची जुनी जिप्सी बेळगावात येते, विकणारा 'आत कॅम बसवलाय' एवढंच सांगतो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट कंपनीचा नाही, आणि कॅमचा कागद कुणाकडेच नसतो. आता टॅपेटची फट (व्हॉल्व्ह मिटलेला असताना ठेवायची मोकळी जागा) किती ठेवायची, स्प्रिंग पुरतील का, पिस्टन-व्हॉल्व्ह भिडतील का, यातल्या एकाचंही उत्तर आकड्यांशिवाय मिळत नाही. आकडे काढायच्या वाटा तीन-चार आहेत. कुठली धरायची हे त्या आकड्यांचं पुढे काय करणार यावर ठरतं.

शाफ्टवरचा नंबर आधी बघून घ्या, पण त्यावर विसंबू नका. ओतीव अक्षरातला नंबर फक्त मूळ ओतकामाचा असतो. तोच शाफ्ट पुन्हा ग्राइंड केला तरी नंबर तसाच राहतो. टोकाला हाताने ठोकलेला आकडा हा ग्राइंड करणाऱ्याच्या वहीतला जॉब नंबर. वही सापडली तर उत्तम, नाहीतर तो नुसता आकडा.

व्हर्नियर आणि मायक्रोमीटर

दहा मिनिटांचं काम. लोबची (शाफ्टवरच्या उंचवट्याची) टाच ते नोज (टोक) उंची घ्या, त्यातून बेस सर्कलचा (लोबच्या गोल भागाचा) व्यास वजा करा, की लोब लिफ्ट म्हणजे उचल मिळाली. सगळ्या इनटेक लोबची उंची एकमेकांशी ताडून बघा. एखादा लोब ०.१ मिमीने बुटका असेल तर तो झिजलाय. बेस सर्कल कंपनीच्या शाफ्टपेक्षा लहान आलं तर रिग्राइंड समजा. नोज तशीच ठेवून ०.८ मिमी लिफ्ट वाढवायची तर बेसचा व्यास १.६ मिमीने कमी करावा लागतो. त्यामुळे टॅपेट स्क्रूही जास्त बाहेर येतो, म्हणून आटे शिल्लक आहेत का तेही लगेच बघून घ्या.

घोळ होतो तो मोठ्या कॅमवर. सीट ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवरून उठल्यापासून परत टेकेपर्यंतचा काळ, ३१० क्रँक अंश असेल तर कॅमवर (तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो) ते १५५ अंश, म्हणजे नोजच्या दोन्ही बाजूंना साडेसत्त्याहत्तर. आडवं माप ९० अंशांवर घ्यायचं असतं, तेव्हा हाताशी उरतात साडेबारा अंश. व्हर्नियर तेवढा कलला की जबडा रॅम्पवर (लोबच्या चढावर) चढतो, बेस मोठं दिसतं आणि लिफ्ट कमी येते. शिवाय ड्युरेशन आणि टायमिंग व्हर्नियर सांगतच नाही. दोन कॅममधला कोणता घ्यावा एवढंच ठरवायचं असेल तर हे पुरेसं आहे. त्यापलीकडे नाही.

डिव्हायडिंग हेडवर

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ-मिलिंगची कामं करणाऱ्या शॉपकडे डिव्हायडिंग हेड (शाफ्ट मोजून थोडा थोडा फिरवणारं उपकरण), व्ही-ब्लॉक आणि डायल असतातच, त्यामुळे शाफ्ट बाहेर काढलेला असेल तर ही वाट सोयीची. हेड ४०:१ चं असेल तर हँडलचा एक फेरा म्हणजे ९ अंश. १८ छिद्रांच्या वर्तुळावर २ छिद्रं सरकलात की कॅमचा १ अंश, म्हणजे क्रँकचे २. एक-एक छिद्र घेतलं तर क्रँकच्या प्रत्येक अंशाचा लिफ्ट तक्ता तयार होतो. हँडल एकाच दिशेने फिरवा. मागे घेतलंत तर वर्मची ढिलाई आकड्यात शिरते.

खरी चूक मात्र डायलच्या टोकात असते. टोकदार काटा लावला तर कमाल लिफ्ट बरोबर येते, पण लोबच्या बाजूंना काटा सपाट टॅपेटपेक्षा कमी उचलला जातो आणि १ मिमीवरचं ड्युरेशन आखूड दिसतं. इंजिनात जो फॉलोअर (लोबवर टेकणारा भाग) आहे, तसंच टोक डायलला हवं: सपाट टॅपेटला सपाट चकती, रोलरला त्याच व्यासाचा रोलर. डायलचा अक्ष शाफ्टच्या मध्यावरून गेला पाहिजे. माप सुरू करण्याआधी मधल्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) शाफ्ट वाकलाय का तेही बघा. वाकलेल्या शाफ्टवर घेतलेलं कुठलंही माप कामाचं नाही.

इंजिनवर, डिग्री व्हीलने

गाडी चालवायची आहे, कॅमची नक्कल काढायची नाही, त्याने हेच करावं. इथे व्हॉल्व्ह प्रत्यक्षात काय करतो ते दिसतं: पट्ट्याचा ताण, रॉकर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारा दांडा), सगळ्यांसकट. डिग्री व्हील म्हणजे क्रँकला लावायचं अंशांच्या खुणांचं चाक. ते मोठं घ्या. २५० मिमीच्या चाकावर एक अंश २.२ मिमीचा होतो, लहान चाकावर डोळे फिरतात.

आधी टीडीसी, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा. पिस्टन वर आल्यावर काही अंश जवळजवळ हलतच नाही, म्हणून 'सगळ्यात वर' हे डायलने शोधू नये. जुन्या स्पार्क प्लगच्या कवचात गोल टोकाचा बोल्ट बसवून पिस्टन-स्टॉप करा. त्याआधी पहिल्या सिलिंडरचे टॅपेट सैल सोडा, नाहीतर उघडा व्हॉल्व्ह स्टॉपवर आपटेल. इंजिन पान्यानेच फिरवा, स्टार्टरने कधीच नको. एका बाजूने टेकलं ३८ वर आणि उलट बाजूने ४४ वर, तर बेरीज ८२, निम्मे ४१. चाक ३ अंश सरकवा. दोन्हीकडे ४१ आलं की शून्य म्हणजे टीडीसी.

मग स्टॉप काढा, टॅपेट शून्य गॅपवर लावा आणि डायल व्हॉल्व्हच्या अक्षाला समांतर बसवा. १५ अंश तिरकी लागली तर जवळपास साडेतीन टक्के फरक पडतो. इंजिन नेहमीच्याच दिशेने फिरवा. आकडा ओलांडला तर पाव फेरा मागे जाऊन पुन्हा या, म्हणजे पट्टा ताणलेलाच राहील.

समजा १.२७ मिमी लिफ्टवर इनटेक टीडीसीआधी १२ अंशांवर उघडला आणि बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली) ४४ वर मिटला. ड्युरेशन १२ + १८० + ४४ = २३६. सेंटरलाइन, म्हणजे लोबचा मध्य टीडीसीपासून किती अंशांवर, ती ड्युरेशनच्या निम्म्यातून निघते: ११८ − १२ = १०६. एक्झॉस्ट बीडीसीआधी ५० ला उघडून टीडीसीनंतर ६ ला मिटला, तर तोही २३६, सेंटरलाइन ११२. दोन्हींची सरासरी १०९ हे लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यांतलं अंतर, कॅमच्या अंशांत), आणि इनटेक १०६ वर असल्याने कॅम ३ अंश पुढे आहे.

एकाच शाफ्टच्या इंजिनात लोब सेपरेशन ग्राइंडमध्येच पक्कं असतं. पट्ट्याचा दात चुकला तर एक सेंटरलाइन जेवढी वाढते तेवढीच दुसरी कमी होते, सरासरी हलत नाही. दोन शाफ्टच्या इंजिनात मात्र पुली फिरवूनही ती बदलते, त्यामुळे आकडा लिहिताना पुलीची खूणही टिपा.

या पद्धतीची मर्यादा रॉकर. रॉकरचं गुणोत्तर हालचालीत बदलतं, म्हणून व्हॉल्व्हवरचे आकडे ग्राइंडरच्या लोब-कार्डशी (लोबच्या आकड्यांच्या कागदाशी) जसेच्या तसे ताडू नका. हायड्रॉलिक टॅपेट असेल तर मापापुरता ठोस टॅपेट बसवा, नाहीतर तो दबतो आणि लिफ्ट खोटी येते.

मशिनवरचा तक्ता

तुटलेल्या कॅमची हुबेहूब प्रत हवी असेल तरच. सीएमएमवरही (बिंदूंचे निर्देशांक मोजणाऱ्या मशिनवरही) होतं, पण फॉलोअरच्या त्रिज्येचं गणित मांडणारा माणूस हवा. नाहीतर टोकदार काट्याचीच चूक जास्त दशांश स्थळांसह छापून मिळते.

कॉम्प्रेशन गेजवरून कॅम ओळखणारेही भेटतील. इनटेक उशिरा मिटतो म्हणून आकडा पडतो, इथवर खरं. पण बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब पणजीपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी, त्यामुळे चोर्ला घाट उतरला की तोच कॅम 'लहान' झाल्यासारखा वाटतो.

आकडे लिहिताना कुठल्या लिफ्टवर मोजलं ते सोबत लिहा. अमेरिकी कार्डांवर १.२७ मिमी म्हणजे ०.०५० इंच असतो, जपानी-युरोपीय कार्डांवर बहुधा १ मिमी, आणि जाहिरातीतलं ड्युरेशन त्याहून कितीतरी खालच्या लिफ्टवरचं. 'तीनशेचा कॅम' एवढं ऐकून स्प्रिंग मागवू नका. हेड कायमचं बसवण्यापूर्वी पिस्टनवर मळणमाती (खेळण्यातली मऊ क्ले) ठेवा, हेड तात्पुरतं बसवून इंजिन दोन फेरे फिरवा, मग हेड काढून ती कापून जाडी बघा: इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी हा सर्वसाधारण दंडक. सगळ्यात कमी अंतर टीडीसीवर नसतं, टीडीसीच्या दहा-पंधरा अंश अलीकडे-पलीकडे सापडतं.