‘गिअरबॉक्स अजून शिकतोय’ असं सांगत मला तीन महिने फिरवलं

हे लिहायला उशीर झालाय पण लिहितोच, कारण आत्ता कुणाच्या तरी ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कुठेतरी खोलून पडला असेल आणि मला जे सांगितलं तेच त्या मालकालाही सांगत असतील.

माझा ट्रक लोडवर स्लिप मारायला लागला होता. तिसऱ्यावरून चौथा पडताना इंजिन नुसतंच रेस व्हायचं, गाडी पुढे ओढायचीच नाही, ऑइल काळं झालेलं आणि जळका वास. म्हणजे काम निघणार हे मलाही कळत होतं. ज्यांच्याकडे गाडी लावली ते म्हणाले फुल रिबिल्ड, सगळ्या क्लच प्लेटा नव्या, सगळे सील नवे, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा डबा) नवा, तीन महिन्यांची वॉरंटी. बरं म्हटलं. बिल आलं त्यावर एकच ओळ, ‘गिअरबॉक्स रिबिल्ड कम्प्लीट’. कुठला पार्ट टाकला, किती प्लेटा, काही नाही. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारात गेले. तिथेच मी अडून बसायला पाहिजे होतं, पण गाडी महिनाभर उभी होती आणि मला फक्त ती रस्त्यावर पाहिजे होती.

पहिला आठवडा ठीक गेला. मग सकाळी थंड गाडीत रिव्हर्स टाकला की लागायलाच वेळ लागायला लागला, मी मोजलंय, चार सेकंद, आणि मग धाडकन धक्का. दुसऱ्यावरून तिसरा पडताना आरपीएम उगाच वर जायचा. आणि एका स्पीडला गाडी धरून ठेवली की खालून थरथर, जशी काही गाडी बारीक बारीक स्पीडब्रेकरवरून चाललीय. चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून परत गेलो.

तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, “अहो कम्प्युटर नवीन प्लेटांना शिकतोय अजून, चालवा थोडी, बसेल आपोआप.” यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच मी फसलो. रिबिल्डनंतर कम्प्युटरमधल्या जुन्या व्हॅल्यू काढून टाकाव्या लागतात, मग गाडी चालेल तसा तो क्लचला किती प्रेशर द्यायचं ते नव्याने ठरवतो, हे खरंच आहे. पण त्यात काय होतं तर सुरुवातीला एखादा शिफ्ट जरा कडक वाटतो, एखादा जरा ढिला, आणि तो दिवसागणिक सुधारत जातो. रिव्हर्सला चार सेकंद लागणं हे शिकणं नाही, आत कुठेतरी प्रेशर गळतंय किंवा भरायला वेळ लागतोय. आणि दिवसागणिक बिघडत जाणारी गोष्ट तर शिकणं असूच शकत नाही. एवढं साधं तेव्हा डोक्यात आलं नाही.

मी पाच वेळा गेलो. दरवेळी गाडी अर्धा दिवस ठेवून घ्यायचे, “ॲडजस्ट केलंय” म्हणून चावी द्यायचे, दिवा गेलेला असायचा, दोन दिवस गाडी बरी चालायची आणि मग परत तेच. मधेच एकदा सोलेनॉइड, म्हणजे ऑइलचं प्रेशर सोडणारा-रोखणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, गेलाय म्हणून त्याचे वेगळे पैसे घेतले, तो इलेक्ट्रिकल पार्ट आहे वॉरंटीत येत नाही म्हणे. तीन महिने संपले त्याच्या पुढच्याच आठवड्यात त्यांचा सूर बदलला, “गिअरबॉक्सचा प्रॉब्लेमच नाही हा, कम्प्युटर बदलावा लागेल.”

मग मी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. जुना माणूस, बोलणं कमी. त्यांनी आधी काही खोललंच नाही, स्कॅनर लावला. पी०७३० आणि पी०७४१ असे बिघाडाचे दोन कोड कम्प्युटरमध्ये होते, पहिला म्हणजे गिअरचा रेशो जुळत नाहीये, आत काहीतरी घसरतंय, दुसरा टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपचा, म्हणजे एका स्पीडला इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडून धरणाऱ्या क्लचचा. पण त्यांनी मला दाखवलं ते वेगळंच. स्कॅनरमध्ये एक आकडा असतो, कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चाललीय त्याचा. तो होता ६३. मी आदल्या दिवशी त्या पहिल्या गॅरेजमधून निघालो होतो आणि तिथून तेवढंच अंतर झालं होतं. म्हणजे ॲडजस्ट वगैरे काही नव्हतं, दरवेळी नुसते कोड पुसून गाडी हातात देत होते. हा आकडा बरेच साधे स्कॅनरही दाखवतात, बऱ्याच गाड्यांत असतो, तुम्ही गॅरेजमधून निघतानाच बघून ठेवा.

थरथर होत असताना त्यांनी मला ब्रेकवर पाय नुसता टेकवायला सांगितला, गाडी स्लो होणार नाही इतकाच. थरथर लगेच थांबली. ब्रेकला पाय लागला की लॉकअप सुटतो, म्हणून दोष कन्व्हर्टरच्या बाजूला आहे, इंजिनमध्ये नाही. मग प्रेशर गेज लावला, थंड असताना काटा बरोबर, ऑइल तापल्यावर घसरत खाली आला. ऑइल तापून पातळ झालं की आतली गळती उघडी पडते, ते म्हणाले सीलचं काम झालेलंच नाही असं वाटतंय. ही टेस्ट पहिल्या लोकांनी पाच खेपांत एकदाही केली नव्हती.

खोलताना मी समोर उभा होतो. पहिलं बाहेर आलं ते कन्व्हर्टर, मस्त काळं कुळकुळीत. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरने एक रेघ ओढली, रंगाची पापडी निघाली आणि खाली तांबूस गंज. कन्व्हर्टर हा वेल्ड करून बंद केलेला डबा असतो, आतलं काम करायचं तर तो लेथवर कापून परत वेल्ड करावा लागतो. इथे कापल्याची खूणच नव्हती, जुनाच डबा रंगवून बसवलेला. क्लच प्लेटा ज्यात बसतात त्या ड्रमपैकी एकात प्लेटा नव्या होत्या, बाकीच्या ड्रममध्ये जुन्याच, काळ्या आणि काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या, स्टीलच्या प्लेटांवर तापल्याचे निळे डाग. सील कडक, नखाने दाबले तर दबत नव्हते.

सगळ्यात वाईट वाटलं ते गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरचं. त्यांनी कूलरच्या पाइपमध्ये उलट्या बाजूने हवा मारली, दुसऱ्या तोंडाला पांढरं फडकं धरलं होतं, त्यावर काळा चिखल आणि त्यात चमकणारे कण. म्हणजे जुन्या गिअरबॉक्सची सगळी घाण कूलरमध्ये बसून होती आणि तीच फिरून आत जात होती. नवीन टाकलेल्या तेवढ्या चार प्लेटासुद्धा त्या घाणीने वाचू दिल्या नसत्या. रिबिल्ड करताना कूलर फ्लश करणं नाहीतर बदलणं हे पहिलं काम, ते विचारूनच घ्या, आणि शक्य असेल तर फडकं बघा.

यावेळी मी प्रत्येक पार्ट बिलावर नंबरसकट लिहून घेतला, जुने पार्ट पोत्यात भरून घरी आणले, खोलल्यावरचे आणि बसवतानाचे फोटो काढले. प्लेटा बसवायच्या आधी ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या होत्या तेही बघितलं. वॉरंटीच्या कागदावर ‘तक्रार पहिल्यांदा आली ती तारीख धरली जाईल’ अशी ओळ घालून घेतली, कारण माझी मुदत त्यांनी तशीच संपवली होती, मी गेलो त्याची नोंदच कुठे नव्हती. तुम्ही दर खेपेला तक्रार लेखी द्या, निदान मेसेज करून ठेवा, तारीख राहते.

पहिल्यांना मी ते पोतं नेऊन दाखवलं. रंगवलेलं कन्व्हर्टर बघून मालक म्हणाले आमच्या पोराने चुकून जुना बसवला असेल. पैसे दिले नाहीत. आता लेखी तक्रार केली आहे, पोतं पुरावा म्हणून तसंच बांधून ठेवलंय, दुसऱ्या मिस्त्रींनी गेजचे आकडे आणि सगळ्या प्लेटांची स्थिती कागदावर लिहून सही करून दिलीय.

गाडी मिळाल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर रिव्हर्स टाकला, लगेच लागला. मी परत पार्कमध्ये घेतला आणि परत टाकून बघितला.