लाल टिकल्या आणि न घेतलेली पोच

मी कोल्हापूरचा. जी.डी. आर्ट हा चित्रकलेचा डिप्लोमा केला. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे क्लास घेतो, त्यावर घर चालतं आणि उरलेल्या वेळात पंचगंगेचा घाट, रंकाळा, जोतिबाचा गुलाल रंगवतो. कधीतरी क्लास बंद करून नुसत्या चित्रांवर जगायचं, हे पंचविशीपासूनचं खूळ. प्रदर्शनासाठी मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज टाकून ठेवला होता. तिथे तारीख मिळेपर्यंत किती वर्षं जातात, हे चित्रकाराला सांगायला नको. आपल्या या वाट बघण्यावरच काही माणसांचं दुकान चालतं.

२०१८ च्या पावसाळ्यात प्रदर्शनं भरवणाऱ्या एकाचा फोन आला. "सर, तुमचं काम फेसबुकवर पाहिलं. नाइफचा हात काय आहे हो तुमचा!" नाइफ म्हणजे रंग लावायची पातळ सुरी. मुंबईत ग्रुप शो, निवडक चौदा चित्रकार, छापील कॅटलॉग, उद्घाटनाला चित्रं विकत घेऊन जमवणारी मंडळी. भिंतीचे सहा फूट, त्याचे २८ हजार. निवड केली म्हणतो आणि पैसेही मागतो, हे बायकोला फोनवर ऐकतानाच खटकलं होतं. मला खटकलं नाही, कारण 'नाइफचा हात' हे शब्द अजून कानात होते.

कॅटलॉगसाठी त्यांनी चित्रांच्या फाइल मागितल्या, "हाय रिझोल्यूशनच पाठवा हं, छपाई चांगली यायला हवी." पाचही चित्रं फोटोग्राफरकडून काढून घेतली आणि ३६ इंची चित्राची पूर्ण मापाची, ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) फाइल जशीच्या तशी पाठवून दिली. कॅटलॉग म्हणून हातात आली ती तीन घड्यांची पत्रिका. त्यात माझं चित्र काडेपेटीएवढं आणि आडनाव चुकलेलं. चार इंचांच्या छपाईला १२०० पिक्सेल पुरतात. हे मी स्वतः पोरांना शिकवतो!

उद्घाटनाच्या दिवशी लवकर पोचलो. हॉलमधला एक पोरगा लाल टिकल्यांचा रोल घेऊन फिरत होता आणि चित्रांखालच्या पट्टीवर एकेक टिकली लावत होता. लाल टिकली म्हणजे चित्र विकलं गेलं. समई अजून पेटायची होती, पाहुणा एकही आला नव्हता. मला वाटलं, आधीच बुकिंग झालं असेल. माझ्या दोन चित्रांखाली टिकल्या होत्या. मी त्यांचे फोटो काढून घरच्यांच्या ग्रुपवर टाकले.

दोन्ही ४० हजारांना गेली म्हणाले. त्यांचं कमिशन ४० टक्के वजा जाता माझे ४८ हजार, त्याचा महिनाभर पुढच्या तारखेचा चेक दिला. वर म्हणाले, "उरलेली तीन इथेच राहू द्या, घरून आणखी सहा पाठवा. मोठ्या हॉटेलचं काम येतंय." सहाही चित्रं बबल रॅपमध्ये गुंडाळली, वरून पुठ्ठा, सुतळी, आणि पोराने स्केचपेनने नंबर घातले. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवली. पोच घेतली नाही. माप, किंमत, किती दिवसांसाठी, फुटलं-फाटलं तर कोणाचं, यातलं काहीही कुठे लिहिलेलं नव्हतं. 'सर, सर' म्हणणाऱ्या माणसाकडे कागद मागायची लाज वाटली. किराणा दुकानदार वीस रुपयांचं बिल देतो, तेव्हा लाजत नाही.

चेक परत आला. खात्यात शिल्लक नव्हती. फोन केला तर म्हणाले, "पुन्हा टाकू नका सर, आठवड्यात आरटीजीएस करतो." मी थांबलो. चेक न वटल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस धाडावी लागते, मग त्याला १५ दिवस, तरी पैसे नाही आले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. हे मला वकिलांनी सांगितलं तेव्हा ते ३० दिवस उलटलेले होते आणि चेकची तीन महिन्यांची मुदतही. शिवाय अकरा चित्रं त्याच्याकडे, त्यामुळे तोंड वाकडं करून बोलताही येईना. मग फोन उचलणं बंद झालं. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला.

पुढच्या वर्षी एका जुन्या विद्यार्थिनीचा मेसेज आला. लग्नानंतर नवऱ्याबरोबर थंड हवेच्या ठिकाणी गेली होती. "सर, अभिनंदन! तुमचा घाट आमच्या हॉटेलात!!" सोबत तीन फोटो. तिन्ही मजल्यांवर, लिफ्टसमोर, तोच घाट. बाकीच्या भिंतींवर माझीच आणखी चित्रं.

मी गेलो. मूळ घाटाच्या चित्रात दीपमाळेवर मी नाइफने रंगाचा जाड थर चढवला होता, बोट फिरवलं की खरखर लागायची. इथे बोट घसरत गेलं. सगळं सपाट. कॅनव्हासवर मारलेले प्रिंट, आणि माझी सही होती तो खालचा कोपरा कापलेला. मॅनेजर बिचारा भला निघाला, त्याने बिल दाखवलं: डेकोरेटिव्ह प्रिंट, २४ नग, दर ८५०. इंटिरिअरच्या कंत्राटदाराला फाइली विकणारे तेच, मला 'सर, सर' म्हणणारे.

चित्र विकलं तरी त्याच्या प्रती काढण्याचा हक्क आपसूक जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. मात्र कोणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेलं चित्र असेल तर गोष्ट उलटी. वेगळं काही ठरलेलं नसेल तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचाच. ऑर्डरची कामं करणाऱ्यांनी ते आधीच लिहून घ्यावं. माझ्या वकिलांच्या नोटिशीवर कंत्राटदाराने प्रिंट उतरवले आणि ५० हजार देऊन मोकळा झाला.

मग एके दिवशी ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून फोन, पार्सल आलंय. सहा चित्रं. सुतळीला माझीच गाठ, पुठ्ठ्यावर पोराचे आकडे. उघडलेलीसुद्धा नव्हती. कुठल्या हॉटेलला दाखवायला मागवली नव्हतीच. चेकबद्दल मी गप्प बसावं म्हणून ओलीस ठेवली होती, असं आता वाटतं.

पाच अजून बाहेर आहेत: घाट ३६ बाय २४, रंकाळा दोन, जोतिबा दोन. मागे कॅनव्हास ताणलेल्या लाकडी चौकटीच्या वरच्या पट्टीवर पेन्सिलने १ ते ५ आकडे आहेत, आणि घाटाच्या डाव्या कडेला निळ्या बादलीवर पाण्याचा एक ओघळ वाळून राहिलाय. कोणाच्या दिवाणखान्यात दिसलं तर विकत कोणाकडून घेतलं तेवढं विचारा आणि मला कळवा.