सिंगल फेज मिग वेल्डर आणि गंजलेली पद्मिनी: घरच्या पत्राकामासाठी हे मशिन पुरतं का?

'थ्री इन वन' या नावानं दुकानात आणि ऑनलाइन जे २०० अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर मिग मशिन मिळतं, त्याबद्दल हे लिहितोय. किंमत साधारण दहा ते वीस हजारांच्या दरम्यान. मिग (स्पूलवरची वायर आपोआप पुढे येते आणि गॅसच्या आडोशात जोड होतो), रॉडचं आर्क आणि लिफ्ट टिग, अशी तिन्ही कामं त्यावर होतात. जुन्या गाडीच्या पत्र्यासाठी त्यातलं मिगच उपयोगाचं. रॉडनं ०.९ मिमीचा पत्रा जोडायला गेलात तर भोकंच जास्त पडतील. आमचं मत आधीच सांगून टाकतो: प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीचं सिल (दरवाज्याखालची पोकळ पेटी), फ्लोअर, डिकीचा तळ आणि मडगार्डच्या आतल्या कडा घरच्या शेडमध्ये नीट जोडायला हे मशिन पुरतं. मात्र खोक्यातून निघतं तसंच चालू केलं तर पुरत नाही.

पद्मिनीच का, तर सांगली-मिरज भागात घरासमोर उभ्या राहिलेल्या जुन्या गाड्यांत ती अजून दिसते, आणि तिला जीपसारखी वेगळी चासी नाही. भार बॉडीवरच असतो. त्यामुळे सिल गंजून गेलं की प्रश्न नुसत्या दिसण्याचा राहत नाही. गाडी मधून वाकायला लागते आणि दरवाजे बसेनासे होतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या गाड्यांत पाणी शिरलं, त्यांच्या सिलमध्ये कृष्णेचा गाळ बसला. हा बारीक गाळ ओल धरून ठेवतो आणि पाणी जायची भोकं बुजवतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो, पण टोकदार स्क्रू ड्रायव्हर दाबला की आत जातो. (ही गाडी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद. सांगलीच्या विश्रामबागेतलं इंजिनिअरिंग कॉलेज त्यांच्याच नावाचं. तेव्हा ही गाडी सांगलीला तशी परकी नाही.)

आता मशिन. खोक्यात बहुतेक वेळा गॅसलेस वायरचं एक किलोचं स्पूल येतं आणि विक्रेता सांगतो की सिलिंडरची गरजच नाही. गेट किंवा ग्रील करायचं असेल तर ते खरं आहे. गाडीच्या पत्र्याला ही वायर चालत नाही. तिच्यात फ्लक्स असतो, टाका गरम पडतो, शिंतोडे उडतात, वर मळी बसते आणि पातळ पत्रा जळतो. ते स्पूल बाजूला ठेवा. ०.६ मिमीची साधी, तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी वायर घ्या, ईआर ७० एस-६ ग्रेडची. ०.६ मिळाली नाही तर ०.८ चालेल, पण पातळ पत्र्यावर ०.६ चा फरक हाताला लगेच कळतो. वायरच्या मापाचा टिप (हातात धरायच्या टॉर्चच्या टोकाची बारीक नळी) आणि त्याच मापाचा व्ही खाचेचा रोलर (वायर पुढे ढकलणारं चाक) लागतो. गॅसलेसचा रोलर दातेरी असतो, तो साध्या वायरला ओरखडे पाडतो आणि तो चुरा लायनरमध्ये, म्हणजे टॉर्चच्या केबलमधल्या वायरच्या नळीत, साठतो.

वायर बदलली की पोलॅरिटी, म्हणजे टॉर्च आणि अर्थ कुठल्या टोकाला ते, बदलायची. यावर बहुतेकांचं काम अडतं आणि दोष मशिनला जातो. गॅसलेसला टॉर्च निगेटिव्हवर असतो, गॅससह साध्या वायरला टॉर्च पॉझिटिव्हवर आणि अर्थ क्लँप निगेटिव्हवर. बहुतेक मशिनमध्ये समोर एक छोटी केबल काढून दुसऱ्या सॉकेटमध्ये लावायची असते. ती उलटी राहिली तर टाका पत्र्यावर ढेकळासारखा बसतो, आत शिरत नाही. ग्राइंडर फिरवला की आख्खा निघून येतो.

गॅस दोन प्रकारचा. शुद्ध सीओटू स्वस्त, पण आर्क थोडा खडबडीत आणि शिंतोडे जास्त. ८० टक्के आरगॉन आणि २० टक्के सीओटूचं मिश्रण महाग, पण पातळ पत्र्यावर आर्क शांत राहतो आणि टाका सपाट बसतो. बाहेरून दिसणाऱ्या भागाला मिश्रणच घ्यावं. सिलच्या आतली पट्टी आणि फ्लोअर यांना सीओटू पुरतो. प्रवाह मिनिटाला ८ ते १० लिटर. एक किलो सीओटूचा साधारण ५०० लिटर वायू होतो, म्हणजे १० लिटरनं ५० मिनिटं आर्क. टॅकच, म्हणजे क्षणभराचे छोटे टाकेच, मारायचे असल्यानं हे खूप पुरतं. एक लक्षात ठेवा: सीओटूच्या सिलिंडरवरचा काटा किती गॅस उरला ते सांगत नाही. आत द्रव आहे तोवर दाब जवळजवळ तितकाच राहतो, आणि द्रव संपला की काटा झपकन खाली येतो. उरलेला गॅस वजनावरूनच कळतो. मिश्रणाच्या सिलिंडरचा काटा मात्र हळूहळू उतरतो, त्यावर भरवसा ठेवता येतो. दारात वारा असेल तर गॅस उडून जातो आणि टाक्यात बारीक भोकं पडतात. प्रवाह वाढवत बसण्यापेक्षा ताडपत्री आडवी लावा.

सेटिंगची सुरुवात अशी करा: ०.९ मिमी पत्रा, ०.६ वायर, मिश्र गॅस, १५ ते १६ व्होल्ट, करंट ४० ते ५० अँपिअर. सीओटू असेल तर व्होल्टेज एखादा व्होल्ट वर न्या. टिपपासून वायर ८ ते १० मिमी बाहेर. आवाज कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा यायला हवा. तडतड होऊन वायर पत्र्यावर टोचत असेल तर वायरचा वेग जास्त आहे. वायरच्या टोकाला मोठा थेंब लोंबून टिपला चिकटत असेल तर व्होल्टेज जास्त आहे किंवा वायर कमी पडतेय. स्वस्त मशिनच्या डिस्प्लेवरचे आकडे तंतोतंत धरू नका. त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर जमवा, मग गाडीला हात लावा.

५० अँपिअरच्या कामाला हे मशिन घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर निवांत चालतं. २०० अँपिअरवर मात्र मीटरकडून तीसेक अँपिअर ओढलं जातं, त्यामुळे ते घरगुती जोडणीवर विसरा. वायर लांबवायची असेल तर २.५ चौरस मिमीची तांब्याची आणि पूर्ण उलगडलेली. गुंडाळी तशीच ठेवली तर तापते, आणि बारीक वायरनं व्होल्टेज पडून आर्क अडखळतो. संध्याकाळी विजेचा दाब कमी होणाऱ्या वस्तीत दुपारी काम उरकलेलं बरं.

मशिनचे खरे कच्चे दुवे दोन. पहिला अर्थ क्लँप: पातळ पत्र्याचा, दातात जोर नसलेला. तो बदलून पितळी किंवा तांब्याचा जड क्लँप लावा, आणि जोडायच्या त्याच पत्र्यावर, खरवडून चमकवलेल्या जागी, टाक्यापासून हातभर अंतरावर. दूर लावला तर करंट बेअरिंग, बिजागरी किंवा क्लच केबलमधून वाट काढतो. दुसरा वायर फीडर. रोलर फार घट्ट केला तर टिप अडकताच वायर आतच गुंता करते. सैल राहिला तर घसरते. हातमोज्याच्या दोन बोटांत वायर धरून हलका ब्रेक लावला तर रोलर घसरला पाहिजे, इतपतच दाब. टॉर्चची केबल सरळ ठेवा. पावसाळ्यात स्पूल मशिनमध्ये ठेवू नका. त्यावर गंज धरला की लायनर खराब होतो आणि मग वायर झटके देत येते.

आता सिलचं काम, कारण मशिनची परीक्षा तिथंच होते. बॅटरी काढा, डायनॅमो किंवा अल्टरनेटरच्या वायरी सोडवा. पेट्रोलची टाकी आणि पाइप गाडीतून बाहेर आणि शेडच्याही बाहेर. गालिचा, खालचे डांबरी पट्टे, सीट, सगळं काढा. गाडी स्टँडवर घ्यायची ती सस्पेन्शनच्या टेकूवर, म्हणजे भार चाकांवर असल्यासारखा राहील. मध्येच जॅक देऊन सिल कापलं तर गाडी जशी वाकली तशीच जोडली जाते. कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत २५ मिमीच्या चौकोनी पाइपचा एक आडवा आणि एक तिरका टेकू टॅक करा, दरवाज्याच्या फटी मोजून लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू. दोन्ही सिल एकदम उघडणं हा सगळ्यात महाग चुकीचा रस्ता आहे, त्यानंतर दरवाजे बसवायला फ्रेम ओढावी लागते.

गंज जिथं दिसतो त्याच्या पलीकडे तीनचार इंच चांगला पत्रा लागेपर्यंत कापा. चुंबक फिरवला की लांबी (खड्डे भरायची पुटी) कुठं भरलीय ते कळतं. तिथं तो धरत नाही. जुन्या डेंटरनी पितळी वेल्डिंगनं लावलेली ठिगळं असतील तर त्यावर मिग मारूच नका. पितळ टाक्यात मिसळलं की तो ठिसूळ होतो आणि चिरतो. ते ठिगळ कडेच्या पत्र्यासकट कापून टाकणं हाच उपाय.

नव्या पत्र्यासाठी सीआरसीए (थंड लाटलेला मऊ पत्रा) मागा, बाहेरच्या बॉडीला २० गेज (०.९ मिमी), सिलच्या आतल्या भिंतीला आणि फ्लोअरला १८ गेज (१.२ मिमी). आठ बाय चार फुटांची १.२ मिमी शीट साधारण २८ किलोची भरते. एका गाडीच्या दोन्ही सिल आणि पुढच्या फ्लोअरला ती पुरून उरते. सांगलीच्या गणपती पेठेत जस्ताचा जीपी पत्रा दाखवतील, स्वस्त आणि गंजत नाही म्हणून. वेल्डिंगच्या कडेचं जस्त इंचभर उतरवल्याशिवाय तो वापरू नका. जस्ताच्या धुरानं रात्री थंडीताप भरतो आणि टाकाही फसफसतो. लांब सरळ घड्या घरी ठोकून येत नाहीत. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशन शेडमधून शिअरिंग आणि बेंडिंग करून घ्या, पुठ्ठ्याचा नमुना बरोबर न्या.

जोड दोन प्रकारचे. आतल्या भागाला एकावर एक पत्रा आणि वरच्या पत्र्यात दर २५ ते ३० मिमीवर ६ मिमीचं भोक. दोन्ही पत्र्यांच्या मिळत्या बाजूला वेल्डिंग चालणारा झिंक प्रायमर मारा, पण भोकाच्या जागी खालचा पत्रा खरवडून उघडा. आर्क खालच्या पत्र्याच्या मध्यावर पेटवून गोल फिरवत बाहेर आणायचा. भोकाच्या कडेवर सुरू केलं तर वरचा पत्रा जळतो आणि खालचा चिकटतच नाही. बाहेरच्या दिसणाऱ्या भागाला समोरासमोर जोड, मध्ये पत्र्याच्या जाडीएवढी फट, पाठीमागे तांब्याची पट्टी धरलेली. तांब्याला टाका चिकटत नाही आणि ते उष्णता ओढून घेतं.

सलग टाका मारू नका. एका सेकंदाच्या आतला टॅक, मग हातभर दूर दुसरा, मग मधोमध तिसरा. हात टेकवता येईल इतका पत्रा गार झाला की पुन्हा तिथं. घाई केली की पत्रा ताणतो आणि डबीच्या झाकणासारखा टकटक करतो. दरवाज्याच्या सपाट पत्र्यावर हे सगळ्यात वाईट दिसतं, आणि टाक्याखाली डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून हातोड्यानं टाका सोडवत बसावं लागतं. घासायला ६० ग्रिटची फ्लॅप डिस्क, तीही टाक्यावरच. बाजूचा पत्रा घासून अर्धा झाला तर सगळं फुकट. मागे बल्ब धरून जोड पाहा, प्रकाश दिसला तिथं पुन्हा टॅक.

डोळ्यांसाठी ऑटो काच (आर्क पेटताच आपोआप काळी होणारी) ९ ते ११ शेडची. ब्रेक क्लीनरनं पुसलेल्या भागावर आर्क पेटवू नका. क्लोरीन असलेल्या क्लीनरपासून फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो. सिलमध्ये मेण, डांबर किंवा जुना कापूस असतो, तो आतल्या आत धुमसत राहतो. पावडरचा अग्निशामक आणि पाण्याची बादली जवळ हवी, आणि शेवटच्या टाक्यानंतर किमान तासभर गाडीजवळ माणूस.

चासी नंबर ठोकलेल्या भागाला ग्राइंडर लावायचा नाही, तिथं ठिगळही नाही. आरटीओ तपासणीत तोच पाहतात. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेची व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर बॉडी शेल मूळ रूपात असण्याची अट आहे. कुठलाही भाग कापण्याआधी आणि जोडल्यानंतर फोटो ठेवा.

या मशिनवर जीपची चासी किंवा सस्पेन्शनचे जाड ब्रॅकेट करू नये, असं आम्ही स्पष्ट म्हणू. जाड पत्र्याला लागणारा करंट घरच्या जोडणीवर नीट मिळत नाही. टाका वरून भरलेला दिसतो, आत शिरलेला नसतो. ते काम थ्री फेज मशिनवाल्या पक्क्या वेल्डरकडेच द्या. आणि ठिगळ फक्त एखाद्या हाताएवढं असेल तर मशिन घेण्यात अर्थ नाही, चांगल्या डेंटरकडून मिगनंच करून घ्या.

जोडून झालं की आतून फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर, ते वाळलं की बाहेरून इपॉक्सी प्रायमर, मग सांध्यांना सीम सीलर. लांबी भरायची ती इपॉक्सीच्या वर, उघड्या पत्र्यावर नाही; ती ओल शोषते आणि खालून पुन्हा गंज चालू होतो. शेवटी सिलच्या आत लांब नळीनं कॅव्हिटी वॅक्स. मेण पातळ होऊन खाली येतं आणि नवी केलेली पाणी जायची भोकं बुजवतं, म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येक भोकात तार घालून ते मोकळं करा.