धंदा शिकायचाय: दोन वर्षांचा कोर्स की दहा दिवसांची ईडीपी?

बीकॉमचं शेवटचं वर्ष, घरात नोकरीचा धोशा आणि डोक्यात स्वतःचा धंदा. मुंबईत अशांपुढे साधारण दोन वाटा असतात: उद्योजकता विषय घेऊन दोन वर्षांचं एमबीए, नाहीतर उद्योजकता विकास प्रशिक्षण, म्हणजे ईडीपी.

एमबीएची खरी मिळकत म्हणजे माणसं: भागीदार, माजी विद्यार्थी, पैसे लावणाऱ्यांच्या ओळखी. तंत्रज्ञानाचं उत्पादन असेल तर याचं मोल मोठं. पवईच्या आयआयटीतलं 'साइन' हे इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना सुरुवातीला आधार देणारं केंद्र, 2004 पासून तेच काम करतंय. पण फी लाखांत. शैक्षणिक कर्जाचा हप्ता समोर दिसत असताना प्लेसमेंटची ऑफर नाकारणारे किती? धंदा शिकवणारा कोर्सच नोकरीला बांधून टाकतो.

ईडीपीला जाणारे बहुतेक जण कर्जासाठी जातात, हे उघड आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम या बँक कर्जावर अनुदान देणाऱ्या सरकारी योजनेत मोठ्या प्रकल्पाला ती सक्तीचीच. शहरात खुल्या गटाला 15 टक्के, महिलांना 25 टक्के अनुदान (अर्जाआधी चालू नियम बघाच). ते हातात मात्र पडत नाही. तीन वर्षं बँकेतच मुदत ठेवीत राहतं आणि धंदा चालू असल्याची पडताळणी झाली की कर्जात वळतं होतं. काही वर्गांत नुसत्या योजनांच्या याद्या वाचून दाखवतात, तिथे वेळ फुकट.

चांगल्या वर्गात प्रकल्प अहवाल स्वतः भरायला लावतात. समजा, चकलीचा धंदा. भाजणी, तेल, गॅस सगळे धरतात. स्वतःची मजुरी, पिशव्या, मोडलेला माल कोणी धरत नाही. मग येतो खेळत्या भांडवलाचा रकाना. फोर्टमधलं ऑफिस दिवाळीची मोठी ऑर्डर देतं, पैसे दीड महिन्याने. तेलवाला रोख मागतो. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवावं, असं 2006 चा कायदा सांगतो, पण तोवर कढई कशावर चालवणार? इथेच अनेकांचा बेत बदलतो.

तो बदलला तरी फी वसूल, असं माझं मत. नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांना छोटी कंपनी चालवायला लावणाऱ्या कार्यक्रमाचा 2010 साली अभ्यास झाला, तर उद्योजक व्हायची इच्छा उलट कमी झालेली. टोगोमध्ये छोट्या व्यावसायिकांवर झालेला प्रयोग 2017 मध्ये छापून आला: स्वतःहून पुढाकार घ्यायचं प्रशिक्षण मिळालेल्यांचा नफा सरासरी 30 टक्के वाढला, नेहमीच्या व्यवसाय प्रशिक्षणाने ठोस फरक दिसला नाही.

म्हणून आधी ईडीपी, मग त्याच धंद्यात वर्षभर नोकरी. एमबीए त्यानंतर, तेही भांडवल किंवा भागीदार अडला तरच. घरचं दुकान-कारखाना असेल तर गोष्ट वेगळी. कौटुंबिक व्यवसायासाठी वेगळे अभ्यासक्रम आहेत, ते बघा.

कुठेही पैसे भरण्याआधी विचारा: तीन वर्षांपूर्वीच्या तुकडीतल्या किती जणांचा धंदा आज चालू आहे? प्लेसमेंटचा आकडा न विचारताही सांगतील.