आरजी-२१३ सांगून केबल टीव्हीची वायर पुरली, माझे २६,७७५ रुपये मातीत गेले

आधीच सांगतो, हसू नका. मी सातपूरला कंपनीत २७ वर्षं क्वालिटीत काढली, माल रिजेक्ट करणं हेच माझं काम होतं, आणि मलाच एका तिशीतल्या पोराने घरात बसून, माझाच चहा पिऊन गंडवलं. लिहायची लाज वाटत होती, ही तर म्हणाली कशाला जगाला सांगताय. पण हाच माणूस आता आडगावच्या बाजूला कोणाचं तरी काम करतोय असं कानावर आलं, म्हणून लिहितोय.

आमचं घर मखमलाबादला, मागे भावाची द्राक्षबाग. मला हॅम रेडिओचा, म्हणजे लायसन्स काढून हौसेखातर वायरलेसवर बोलायचा, नाद. घरावरून विजेची लाईन जाते म्हणून अँटेनाचा मास्ट, म्हणजे उंच खांब, बागेच्या कडेला उभा केला, घरापासून ५० मीटर. आधी कोॲक्स (रेडिओ आणि अँटेना जोडणारी केबल, आरजी-२१३ हा तिचाच एक प्रकार) खांबांवरून नेली होती, ती फवारणीच्या ट्रॅक्टरने दोनदा तोडली, म्हणून ठरवलं की आता जमिनीखालूनच न्यायची. एका हॅम मित्राच्या ओळखीने हा सीसीटीव्ही आणि टॉवरची कामं करणारा आला. गोड बोलणारा, प्रत्येक वाक्यात काका. काका आरजी-२१३ टाकू, काका एचडीपीई पाइपमधून नेऊ, काका दोन फूट खोल, वीस वर्षं बघायला नको.

हिशोब असा. केबल ६० मीटर, २१० ने १२,६००. पाइप ५५ मीटर, ४५ ने २,४७५. खोदाई ५० मीटर, १२० ने ६,०००. एन कनेक्टर चार, १,४००. लाइटनिंग अरेस्टर २,८००. आणि टेस्टिंग चार्जेस म्हणून १,५००, ते टेस्टिंग कुठलं हे अजून मला कळलेलं नाही. एकूण २६,७७५, त्यातले १५,००० मी यूपीआयने आगाऊ दिले, बाकी ११,७७५ रोख. बिल मागितलं तर म्हणाला काका बिल घेतलं तर १८ टक्के वाढतील. म्हणजे ४,८०० च्या वर. मी म्हटलं राहू दे. इथे मला शिव्या घाला, मी पण घालतो. पण खरं सांगा, तुमच्यातल्या किती जणांनी पंप दुरुस्तीचं पक्कं बिल घेतलंय?

केबल आली तेव्हा मी व्हर्नियर काढला. जुनी सवय. बाहेरून १०.३ मिलिमीटर, आरजी-२१३ ला पाहिजे तेवढाच, जॅकेटवर छपाई पण तीच, मी खूश, वर त्या पोराला ऐकवलं की बघ, आमच्याकडे मोजून माल घेतात. तो हसला. आता कळतंय का हसला. केबल टीव्हीवाले मेन लाईनला जी जाड आरजी-११ वापरतात ती पण बाहेरून साधारण तेवढीच असते! पण ती ७५ ओहमची, आपल्याला लागते ५० ची, हे माप रेडिओशी जुळावं लागतं. आरजी-२१३ च्या आत तांब्याच्या सात तारांचा पीळ असतो, त्या आरजी-११ ला एकच ताठ तार, बहुतेक वेळा वरून तांब्याचा मुलामा आणि आत लोखंड. मी कापलेलं टोक पाहिलं होतं. एकच तार होती. विचारलं सुद्धा. तो म्हणाला आता नवीन लॉट असाच येतो काका, सिंगल कोअरला लॉस कमी. आणि मी, जो हॅमच्या लायसन्सच्या परीक्षेसाठी हे सगळं पाठ करून बसला होता, मान डोलावली. घरात फ्रिजच्या दारावर सहा चुंबक चिकटलेत, एक काढून लावला असता तर काम तिथेच थांबलं असतं.

खोदाईचा दिवस मे महिन्यातला, ऊन मी म्हणत होतं. चौघांना मिसळ मागवली, ३२० रुपये, ते वरच्या हिशोबात धरलेले नाहीत. घरापासून पहिले दहा-बारा फूट मी उभं राहून पाहिलं, दोन फूट खोल चर, पाइप, सगळं चोख. मग तो म्हणाला काका तुम्ही उन्हात कशाला थांबता, बीपीची गोळी घेता ना, आत बसा, मी फोटो टाकतो. फोटो आले की. आता तेच फोटो मोठे करून बघतो तर सगळे त्याच दहा फुटांचे, वेगवेगळ्या बाजूने काढलेले. बाहेर आलो तर चर बुजवलेली. आणि टेम्पोत पाइपचं गुंडाळं पडलेलं, काळं, जाडजूड, जवळपास आणलं होतं तेवढंच. मी त्याकडे बोट करून विचारलं, हे काय? दुसऱ्या साईटचं आहे काका. बस. एवढ्यावर मी ११,७७५ मोजून दिले. सकाळी टेम्पोत एकच गुंडाळं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं, रात्री अजून तेच डोळ्यासमोर येतं.

त्यानंतरचं तर आणखी वाईट. मे महिन्यात एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) १.७ दाखवत होता, फोन केला तर म्हणाला माती बसली की सेटल होईल. आणि झाला ना सेटल! जुलैत पाऊस लागला आणि मीटरवर १.२. मी हिला बोलावून दाखवलं. अरे, केबलमध्ये पाणी शिरलं होतं. बागेकडचं कनेक्टर नुसतं काळ्या टेपने गुंडाळलेलं, चर चार-पाच इंच खोल, वरून खुरपणीच्या कुदळीचे घाव, उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडलेलं. केबलच्या आतल्या तारांच्या जाळीने पाणी चोखून आत आत नेलं. केबलच पॉवर खायला लागली की अँटेनाकडून परत येणारी पॉवर मीटरपर्यंत पोचतच नाही, म्हणून आकडा छान दिसतो. काही न करता एसडब्ल्यूआर सुधारला की घाबरायचं असतं, पेढे वाटायचे नसतात.

सप्टेंबरात सकाळच्या नेटवर (हॅम मंडळींच्या रेडिओवरच्या ठरलेल्या गप्पांत) पुण्याचे लोक म्हणायला लागले तुमचा सिग्नल फार बारीक येतोय. पुतण्याला डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, पॉवर जिरवणारा डबा) आणि वॉटमीटर देऊन मास्टपाशी पाठवलं. ७ मेगाहर्ट्झवर इकडून १०० वॅट सोडले, ६० मीटर चांगल्या आरजी-२१३ मधून तिकडे ८० च्या आसपास पोचायला हवेत. तिकडे २२. ही टेस्ट केबल पुरायच्या आधी अंगणात पसरून करायची, दहा मिनिटांचं काम आहे. उकरलं तेव्हा पाइप फक्त दोन्ही टोकांना, मध्ये केबल नागडी काळ्या मातीत. जाळी ॲल्युमिनियमची, तिला साधं सोल्डर धरतच नाही, म्हणून कनेक्टर नुसते दाबून बसवलेले.

त्याचा फोन पहिले आठ दिवस वाजला, मग बंद.

मग चौकी. तिथल्या साहेबांचा पहिला प्रश्न, रेडिओ म्हणजे? वॉकीटॉकी का? कोणाशी बोलता? फसला मी आणि लायसन्स दाखवा मला! घरी जाऊन लायसन्स आणलं, दोन झेरॉक्स दिल्या, मग मास्टची उंची विचारली, मग शेजाऱ्यांची काही तक्रार आहे का ते विचारलं, दीड तासाने म्हणाले हा दिवाणी मामला, इथे नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ऑफिसात, तिथे म्हणे यूपीआयने दिलेत तर ऑनलाईन फ्रॉडमध्ये जा. ऑनलाईन फ्रॉडवाले म्हणाले तुम्ही स्वतःहून दिलेत, माणूस घरी आला होता, हे ऑनलाईन नाही. तिसरीकडे एक बाई शांतपणे सगळं ऐकून म्हणाल्या पक्कं बिल आणा. बिल असतं तर मी इथे कशाला आलो असतो मॅडम? चौथ्या खिडकीवर जेवणाची सुट्टी, अडीचला गेलो तर साहेब मीटिंगला. चार फेऱ्या, पेट्रोल, झेरॉक्स, आणि प्रत्येक ठिकाणी तेच, एवढं शिकलेले असून कसे फसलात. हे ऐकायला मी रांगेत उभा राहत होतो.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हे शेवटी एका वकील मित्राने सांगितलं, त्या चार टेबलांपैकी एकानेही नाही. यूपीआयची नोंद, त्याचे चॅट, ते फोटो, सगळं प्रिंट काढून ठेवलंय. तुम्ही पण पूर्ण पैसे रोख देऊ नका, त्या १५,००० च्या नोंदीवरच माझं सगळं अडकलंय. आणि चरीचे फोटो टेप लावून, दर दहा फुटांना, स्वतः काढा. ऊन लागलं तर टोपी घाला.

नवीन केबल यावेळी पाइपमधून स्वतः ओढली, आत नायलॉनची दोरी टाकून ठेवलीय, उद्या बदलायची वेळ आली तर खोदायला नको. जुन्यातली दोन मीटर आणि कनेक्टर पुरावा म्हणून कपाटात ठेवले, बाकीची परवा भंगारवाल्याला दाखवली. मी म्हटलं तांबं आहे आत. तो काहीच बोलला नाही, खिशातून चुंबक काढला, कापलेल्या टोकाला लावला, आणि माझ्या हातावर १४० रुपये ठेवले.