शेव्हेलला मागे २७५चे टायर : उन्हाळाभर चालवल्यावर

मे महिन्यात माझ्या १९७०च्या शेव्हेल मालिबूला (शेव्हरोलेची जुनी अमेरिकन गाडी) मागे २७५/६०आर१५ मापाचे टायर चढवले, म्हणजे २७५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, १५ इंची रिमवर बसणारे. बीएफगुडरिचचे रेडियल टी/ए, तेच ते पांढऱ्या उठावदार अक्षरांचे. आता ऑक्टोबर संपत आलाय. थोड्याच दिवसांत मिशिगनच्या रस्त्यांवर बर्फ वितळवायचं मीठ पडायला लागेल आणि गाडी थेट एप्रिलपर्यंत झाकून ठेवावी लागेल, म्हणून त्याआधी लिहून टाकतो.

गाडीबद्दल थोडक्यात: ३५० क्युबिक इंचाचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागे दहा बोल्टांचा ॲक्सल, गुणोत्तर ३.३६ (चाकाच्या एका फेरीला प्रॉपेलर शाफ्टच्या ३.३६ फेऱ्या). एसएस, म्हणजे शेव्हेलची जोरदार इंजिनाची आवृत्ती, नाही आणि तसे बिल्ले चिकटवून मिरवायची हौसही नाही. (१९७०च्या एसएस ३९६मध्येही प्रत्यक्षात ४०२चं इंजिन होतं, म्हणजे कंपनीचा बिल्लाही तसा खोटाच!) आधी चारही चाकांना २३५/६०आर१५ होते, ७ इंची रॅली रिमवर. चालायला उत्तम, पण मागून पाहिलं की एवढ्या भरदार मडगार्डाखाली चाकं अगदीच किरकोळ वाटायची.

किती रुंद टायर बसेल, असं सगळे विचारतात. त्याआधी रिमचं बघा. रिमचा जो भाग हबला (चाक ज्यावर बोल्टांनी बसतं त्याला) टेकतो, तिथून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे बॅकस्पेसिंग, आणि सगळा खेळ त्यावर आहे. मला जुन्या कॉर्व्हेटच्या ८ इंची रॅली रिम स्वस्तात मिळत होत्या. बोल्टांचं माप तेच, ५ बोल्ट आणि ४.७५ इंच. पण त्यांचं बॅकस्पेसिंग ४ इंच आणि मला हवं होतं ४.५, म्हणजे टायर अर्धा इंच बाहेर येऊन थेट मडगार्डाच्या कडेवर. त्या सोडल्या आणि ४.५ इंच बॅकस्पेसिंगच्या नव्या ८ इंची रिम घेतल्या. त्यात टायर हबच्या दोन्ही बाजूंना सारखा बसतो, साधारण साडेपाच इंच आत आणि तेवढाच बाहेर. अर्धा इंच ऐकायला काहीच वाटत नाही, पण या गाडीत मडगार्डाच्या कडेशी राहणारी सगळी फटच जेमतेम तेवढी आहे.

तीही दोन्ही बाजूंना सारखी नाही. या गाड्यांची बॉडी फ्रेमवर बरोबर मधोमध बसलेली क्वचितच सापडते. माझ्या गाडीत उजवीकडे दोन बोटं आरामात जातात, डावीकडे एकच. तेव्हा एका बाजूला मोजून ऑर्डर देऊ नका. मोजताना गाडी चाकांवर उभी हवी, जॅकवर नको, आणि डिकीत नेहमीचं सामान असू द्या.

एकटा असताना काहीच घासत नव्हतं. जुलैमध्ये आई-बाबा भारतातून आले आणि दोघांना मागे बसवून डेट्रॉईटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर नेलं, तेव्हा पहिल्याच यू-टर्नला बाबा म्हणाले, "अरे, खाली काहीतरी खरवडतंय." इकडचे रस्ते माहीत नसलेल्यांसाठी सांगतो: वुडवर्डवर डावीकडे वळायचं असेल तर बऱ्याच चौकांत सरळ पुढे जाऊन दुभाजकातून उलटं फिरावं लागतं. याला सगळे 'मिशिगन लेफ्ट' म्हणतात. म्हणजे सगळे यू-टर्न डावीकडचे. वळताना बॉडी उजवीकडे कलते आणि ॲक्सल तिच्याखाली डावीकडे सरकतो. या गाडीत ॲक्सलला आडवं धरून ठेवणारा वेगळा दांडा नसतो, वरचे दोन तिरपे आर्म आणि त्यांचे रबरी बुश एवढ्यावर सगळी भिस्त. बुश म्हातारे असले की ॲक्सल हवा तसा डुलतो.

नेमकं कुठे घासतंय ते शोधायला मुलीची खेळायची माती घेतली, मडगार्डाच्या आतल्या कडेला गोळ्यागोळ्यांनी चिकटवली आणि पुन्हा तेच वळण घेतलं. उजवीकडची माती जशीच्या तशी. डावीकडे चाकाच्या किंचित पुढच्या भागात टायरच्या खांद्याचे ओरखडे स्पष्ट उमटले होते. मग वरच्या आर्मचे बुश बदलले आणि डावीकडची कड हबला बसवायच्या रोलरनं आत दाबून घेतली. रंग हीट गननं नीट गरम केल्याशिवाय हे करू नका, आणि मडगार्डात कधीकाळी पुट्टी भरलेली असेल तर अजिबातच करू नका, तडे जाणारच. त्यानंतर मागे माणसं बसवूनही आवाज आलेला नाही.

आता पकडीबद्दल. यात निराशा होण्याची शक्यता आहे. टायर रुंद झाला म्हणून रस्त्याला टेकणारं रबर त्याच हिशेबात वाढत नाही. ते मुख्यतः वजन आणि हवेच्या दाबावर ठरतं, रुंदीनं त्या ठशाचा आकार बदलतो. शिवाय या टायरचं ट्रेडवेअर ४०० आहे, म्हणजे रबर टिकाऊ आणि कडक. वेगाचं रेटिंग एस, ताशी ११२ मैलांचं. गाडीत साधं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअर) आहे, त्यामुळे सिग्नलवर पाय दाबला की पूर्वीही एकच चाक जागच्या जागी फिरायचं, आताही एकच फिरतं. फक्त आता जास्त महागाचं रबर जळतं. ड्रॅगस्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर) जायचं असेल तर पैसे मऊ रबरात आणि डिफरन्शियलमध्ये घाला.

चाक उंच झालं, तेही लक्षात घ्या. २३५चा व्यास साधारण २६.१ इंच होता, हा २८ इंच भरतो. म्हणजे ३.३६चं गुणोत्तर ३.१३सारखं वागतं. सुटताना गाडी थोडी सुस्त वाटते. उलट हायवेवर सुख आहे: गणितानं ताशी ६५ मैलांना इंजिन २८००ऐवजी २६०० फेऱ्यांवर चालतं. स्पीडोमीटर मात्र खोटं बोलायला लागला, काटा ६०वर असताना जीपीएस ६४ दाखवायचं. गिअरबॉक्सच्या मागच्या भागात स्पीडोमीटरचं प्लास्टिकचं छोटं चक्र असतं. ते कमी दात्यांचं टाकलं की भागतं. किरकोळ किमतीचं काम आहे, पोलिसाची पावती हातात पडण्याआधी उरकून घ्या.

पावसात मी वेग कमी करतो. रिपरिप पावसात त्रास नाही, पण वादळी सरीनंतर साचलेल्या पाण्यात मागची बाजू तरंगल्यासारखी वाटते. रुंद टायर आणि मागे वजन कमी, दुसरं काय होणार!

हवा दुकानवाल्यानं सवयीनं ३५ भरून दिली होती. टायरवर खडूची आडवी रेघ ओढून गल्लीत थोडं सरळ चालवून आणलं, तर मधला खडू पुसला गेला आणि दोन्ही कडा पांढऱ्याच राहिल्या. कमी करत २८वर आणल्यावर रेघ एकसारखी पुसायला लागली. आता उन्हाळाभराची झीजही सारखी दिसतेय.

दिसायला? शब्द नाहीत. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. १९९५ साली डेट्रॉईटजवळच्या फर्न्डेलमध्ये मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी निधी जमवायला म्हणून तो सुरू झाला होता. तिथे खुर्च्या टाकून बसलेले आजोबा लोक गाडी पुढे गेल्यावर मागून अंगठा वर करून दाद द्यायचे. खरं सांगायचं तर हे टायर त्यासाठीच घ्यायचे. मला ते पटलेलं आहे, म्हणून मी ते काढणार नाही. पण मागची सीट रोज भरत असेल, किंवा मडगार्डाला हात लावायचा नसेल, तर २५५/६०आर१५ घ्या. ७ इंची रिमवरही चालतो, आणि लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही.

पंक्चरचा विचार आधीच करून ठेवा. ॲक्सलखाली जॅक लावला तर चाक मडगार्डात वर जातं आणि बाहेर निघतच नाही. फ्रेम उचलून ॲक्सल खाली लोंबू द्यावा लागतो. मूळचा बंपर जॅक तसंच उचलतो, पण त्याच्या भरवशावर मी हायवेच्या कडेला वाकणार नाही, म्हणून डिकीत छोटा फ्लोअर जॅक ठेवलाय. स्टेपनी जुनी २३५चीच आहे. दोन चाकांच्या व्यासात एवढा फरक असला की डिफरन्शियलचे दाते सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात, त्यामुळे ती लावून फक्त जवळच्या टायरवाल्यापर्यंत जायचं, तेही सावकाश.