संभाजीनगरातील एकदिवसीय बिअर कार्यशाळा: माल्टचे शिक्षण उत्तम, पाण्याचा हिशेब कच्चा

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर तयार करणे कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे धान्यापासून ग्लासापर्यंतचा सगळा प्रवास स्वतःच्या हाताने करून पाहायचा असेल, तर परवानाधारक जागेतील कार्यशाळा हाच मार्ग उरतो. छत्रपती संभाजीनगरातील एका छोट्या ब्रुअरीने फेब्रुवारीत अशी कार्यशाळा ठेवली होती. वयाचा पुरावा पाहून आम्हा सहा जणांना प्रवेश मिळाला आणि सकाळी नऊपासून सायंकाळी पाचपर्यंत आम्ही २० लिटर सेशन एल तयार केली. सेशन एल म्हणजे हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) सुगंध भरपूर, पण अल्कोहोल साडेतीन टक्क्यांच्या आसपास असलेली हलकी बिअर.

इतकी हलकी बिअर नवशिक्यांना शिकवायला घेतली, याबद्दल प्रशिक्षकांचे मनापासून कौतुक करावेसे वाटते, कारण ही बिअर करणे जड बिअरपेक्षा अवघड असते. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, कमी असल्यामुळे ती पातळ आणि पाणचट लागण्याचा धोका असतो, आणि कोणतीही चूक गोडव्याआड लपत नाही. यावर त्यांचा उपाय दोन पदरी होता. २.७ किलो पेल माल्टच्या जोडीला ३०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट आणि २०० ग्रॅम ओट्स घेतले, आणि मॅशचे, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या दळलेल्या माल्टचे, तापमान ६९ अंशांवर धरले. ६२ ते ६५ अंशांवर पिष्टाची बहुतेक साखर अशी होते की यीस्ट ती सहज संपवते. ६९ अंशांवर मात्र यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळ्या मागे राहतात आणि बिअरला अंग, म्हणजे दाटपणा, येते. हा माल्ट सातूचा असतो, असे सांगून त्यांनी नाचणीच्या सत्त्वाचा दाखला दिला, तेव्हा मोड आल्यावर धान्य गोड का होते, हे आमच्यातील सर्वांना एका क्षणात कळले. तासाभराने त्यांनी पांढऱ्या बशीत मॅशचा थेंब घेऊन त्यावर आयोडीन टाकले. रंग निळा-काळा झाला नाही, म्हणजे पिष्ट उरले नव्हते.

हॉप्सचा भाग सर्वांत रंगला. मॅग्नम हॉप्सचे १० ग्रॅम उकळीच्या सुरुवातीला कडूपणासाठी पडले. सिट्रा या सुगंधी हॉप्सचे ३० ग्रॅम आच बंद करून वर्ट (मॅशमधून गाळलेला गोड रस) ८० अंशांपर्यंत उतरल्यावर टाकले, कारण सुगंधी तेले उकळीत उडून जातात. उरलेले ५० ग्रॅम आंबवण झाल्यावर तीन दिवसांसाठी टाकायचे ठरले. टाकण्यापूर्वी प्रत्येकाला हॉप्सची हिरवी गोळी तळहातावर चोळायला लावली. आधी लिंबाच्या पानाचा वास आला, मग पाडाच्या आंब्याचा, आणि हात धुतल्यावरही राळेसारखा चिकट कडवटपणा बोटांवर राहिला.

पाण्याच्या गुणधर्मांविषयीही त्यांनी जाणकारीने सांगितले. आपल्या बेसाल्टच्या खडकातील बोअरचे पाणी बहुधा कठीण असते आणि त्यातील बायकार्बोनेटमुळे मॅशचा सामू (पीएच) वर जातो. तो ५.२ ते ५.६ मध्ये आणण्यासाठी लॅक्टिक आम्ल घातले, तर हॉप्सचा कडूपणा स्वच्छ लागावा म्हणून थोडे जिप्सम. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढले नाही तर बिअरला औषधी चव येते, हेही सोदाहरण दाखवले.

एवढी समज असलेल्या माणसांनी वर्ट थंड करताना जे केले, ते मात्र मला पटले नाही. तांब्याच्या वेटोळ्यातून नळाचे पाणी सोडून उकळता वर्ट २७ अंशांपर्यंत आणला गेला, पण बाहेर पडणारे पाणी थेट मोरीत गेले. मी बादली लावून पाहिले: २० लिटरची बादली अडीच मिनिटांत भरत होती आणि नळ अर्धा तास चालू होता. २० लिटर बिअरसाठी सुमारे २४० लिटर स्वच्छ पाणी वाया गेले. मी लातूरचा आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यासाठी रांगेत उभा राहिलो आहे. वेटोळ्यातून बाहेर पडलेले पाणी दोन पिंपांत धरून भांडी आणि फरशी धुण्यासाठी वापरता आले असते. मी हे बोललो तेव्हा प्रशिक्षकांनी शांतपणे ऐकून घेतले, पण त्या दिवशी बदल झाला नाही.

दुसरी उणीव लहान आहे. माल्ट जरा जाड दळला गेला होता आणि त्यावरून गरम पाणी घाईने सोडले गेले, त्यामुळे हायड्रोमीटरवर (घनतेवरून वर्टमधील साखर मोजणाऱ्या उपकरणावर) अपेक्षित १.०३६ ऐवजी १.०३४ आले. तिथे थांबून कारण समजावले असते तर बरे झाले असते.

वर्ट शीतखोलीत १९ अंशांवर आल्यावर त्यात यीस्ट पडले. तीन आठवड्यांनी आम्हाला तिथेच चव घ्यायला बोलावले. अंतिम घनता १.०१० होती, म्हणजे अल्कोहोल ३.१ टक्क्यांच्या जवळपास. फेस पांढरा आणि टिकाऊ, नाकाशी आधी आंबा, मग लिंबाची साल, आणि शेवटी जिभेवर कोरडा, नेमका कडूपणा. पाणचटपणा कुठेही नव्हता. साडेतीन हजार रुपये शुल्क मला वाजवी वाटले. पुढची तुकडी उन्हाळ्यात असल्याचे सांगितले गेले. जे जाणार असतील त्यांनी नाव नोंदवतानाच विचारावे की थंड करायचे पाणी साठवणार आहात का. मीही तसे लेखी कळवले आहे.